मंडणगडच्या विजेवरचा घरगुती प्रीअॅम्प

माइकमधून किंवा रेकॉर्ड-प्लेअरच्या सुईतून निघणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. गायकाने तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक एक-दोन मिलिव्होल्ट देतो, तर चुंबकीय काट्रिज तीन ते पाच मिलिव्होल्ट. स्पीकर हलवणाऱ्या पॉवर अॅम्प्लिफायरला मात्र अर्धा ते एक व्होल्ट लागतो. मधली शंभर ते काही शे पटींची वाढ करणारे सर्किट म्हणजे प्रीअॅम्प्लिफायर, बोलीभाषेत प्रीअॅम्प. आवाजाची पातळी ठरवणे, खर्ज-तार स्वर कमी-जास्त करणे आणि माइक, रेकॉर्ड, मोबाइल यांपैकी एक निवडणे ही कामेही त्याच्याकडेच असतात. पहिल्याच पायरीवर संकेतात शिरलेली गुणगुण किंवा खरखर पुढच्या प्रत्येक पायरीवर संकेताबरोबरच वाढत जाते आणि नंतर ती निवडून काढता येत नाही. प्रीअॅम्पची बरीचशी कला या एका अडचणीभोवती फिरते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्रीच्या खाडीलगत वसलेल्या मंडणगड तालुक्यात अशा यंत्राची गरज नवी नाही. गणपतीत भजने आणि जाखडी, शिमग्यात नमन-खेळे, वर्षभर सत्यनारायण आणि हळदी, अशा प्रत्येक ठिकाणी माइक लागतोच. मुंबईहून चाकरमान्यांनी आणलेले रेकॉर्ड-प्लेअर आणि तबकड्या काही घरांच्या माळ्यावर अजून आहेत. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात, हल्ली कुरियरनेही येतात, आणि सर्किटे तर जगभर तीच. फरक पडतो तो तीन गोष्टींत: इथली वीज, इथली जमीन आणि इथली हवा. पुस्तकातले सर्किट मुंबईत शांत चालते आणि मंडणगडात गुणगुणते, याचे कारण बहुतेक वेळा या तिघांपैकी एक असते. म्हणून इथे प्रीअॅम्पची जुळणी चिपपासून सुरू न करता वीजपुरवठ्यापासून केलेली बरी.

बाजारात मागितले की पहिल्यांदा हातात येतो तो १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. त्यापुढे चार १एन४००७ डायोड, दोन मोठे कपॅसिटर आणि ७८१२ व ७९१२ हे रेग्युलेटर जोडले की अधिक-उणे १२ व्होल्ट तयार होतात. हिशेब कागदावर जमतो. १२ व्होल्ट एसीचे शिखर १७ व्होल्ट, त्यातून डायोडचे पाऊण व्होल्ट वजा जाता सव्वासोळा उरतात. ७८१२ ला आत निदान साडेचौदा व्होल्ट हवेत, म्हणजे दीड-दोन व्होल्ट हाताशी राहतात. पण संध्याकाळी सात वाजता, शेवटच्या खांबावरच्या वाडीत २३० ऐवजी १८० व्होल्टच येत असतील तर तोच ट्रान्सफॉर्मर साडेनऊच्या आसपास व्होल्ट देतो आणि रेग्युलेटरच्या दाराशी साडेबारा व्होल्ट पोहोचतात. रेग्युलेटर मग रेग्युलेट करणेच सोडतो आणि कपॅसिटरवरची लहर थेट चिपपर्यंत जाऊ देतो. दिवसा शांत असलेला प्रीअॅम्प नेमका कार्यक्रमाच्या वेळी घुमू लागतो तो यामुळे.

उपाय स्वस्त आहे: १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर. १८० व्होल्टवरही तो रेग्युलेटरला जवळजवळ सोळा व्होल्ट पुरवतो. उलट रात्री उशिरा लाइन २५० वर चढली तर बावीस-तेवीस व्होल्ट होतात, आणि भार हलका असल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त. रेग्युलेटर ते सहज सोसतो, पण मुख्य कपॅसिटर मात्र २५ व्होल्टचे न घेता ३५ व्होल्टचे घ्यावेत. २२०० मायक्रोफॅरड पुरेसे आहेत. त्यापेक्षा मोठे घालण्याची हौस अनेकांना असते, पण चाळीस-पन्नास मिलिअँपिअर खाणाऱ्या सर्किटला त्याचा उपयोग नाही.

दुसरा मार्ग बॅटरीचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोलीतले विजेचे खांब मोडून टाकले, कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली, आणि बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची किंमत कळली. यूपीएसमध्ये असतात तशा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून मधला बिंदू शून्य धरला की अधिक-उणे १२ व्होल्ट मिळतात. चार चिपांचा प्रीअॅम्प त्यावर शंभर तासांहून अधिक चालतो. ट्रान्सफॉर्मर नाही, डायोड नाही, म्हणून पुरवठ्याची गुणगुणही नाही. प्रत्येक बॅटरीच्या तारेत फ्यूज मात्र हवाच, कारण शॉर्ट झालेली लेड-अॅसिड बॅटरी तार लाल करते.

आता चिप. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतात घरगुती प्रीअॅम्प बीसी१४८ आणि कमी खरखरीचा बीसी१४९ अशा ट्रान्झिस्टरांवर बनत. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर, आणि काम चालून जाई. आज त्या वाटेने जाण्याचे कारण हौसेपलीकडे उरलेले नाही. सिग्नेटिक्स कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणलेली एनई५५३२ ही आठ पायांची चिप अजूनही ध्वनीच्या कामाचा मानदंड आहे. एका चिपमध्ये दोन ऑपअॅम्प (ऑपरेशनल अॅम्प्लिफायर), किंमत वडापावाच्या आसपास, आणि तिची स्वतःची खरखर दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे ५ नॅनोव्होल्ट. तिच्याच जागी बसणाऱ्या टीएल०७२ ची खरखर १८ नॅनोव्होल्ट आहे. माइकच्या दोन मिलिव्होल्टशी खेळताना हा फरक कानाला कळतो.

माइकसाठी ऑपअॅम्पची साधी बिगरउलट जोडणी पुरते. निर्गमाकडून (आउटपुट) उलट पायाला २२ किलोओहम आणि तिथून जमिनीला २२० ओहम, म्हणजे वाढ १०१ पट. २२० ओहमच्या मालिकेत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो, त्यामुळे डीसी वाढत नाही. या कपॅसिटरमध्ये काटकसर करू नये. १० मायक्रोफॅरड घातले तर ७२ हर्ट्झखालचे स्वर गळू लागतात आणि ढोलकीच्या धुम्याचा घुमारा जातो. १०० घातले तर ही सीमा सात हर्ट्झवर जाते. गायकाच्या माइकला शंभरपट वाढ ठीक, पण ढोलकीच्या पुडीजवळ ठेवलेला माइक थापेसरशी पन्नास-साठ मिलिव्होल्टही देऊ शकतो. तेव्हा २२० ओहमच्या मालिकेत २.२ किलोओहमचा पॉट (फिरवता येणारा रेझिस्टर) घालावा, म्हणजे वाढ दहा ते शंभर पटींत फिरवता येते. थाप फाटून ऐकू येत असेल तर आधी हा पॉट मागे घ्यावा. पुढचा व्हॉल्यूम कमी करून काही होत नाही, कारण आवाज आधीच फाटलेला असतो.

मांडवात माइकची तार वीस मीटरही लांबते. तीन-चार मीटरपुढे एकेरी तारेवर भरवसा ठेवू नये. तीन पिनांचा एक्सएलआर आणि दोन संकेततारांमधला फरक घेणारी पायरी वापरावी. या पायरीची ताकद तिच्या चार रेझिस्टरांच्या जुळणीत आहे. एक टक्क्याचे रेझिस्टर जसे आले तसे लावले तर सगळ्यांत वाईट परिस्थितीत बाहेरची गुणगुण फक्त पन्नासपट दाबली जाते. एकाच पट्टीतले वीस मेटल फिल्म रेझिस्टर घेऊन मल्टिमीटरने मोजावेत आणि जुळणारे चार निवडावेत. वीस रेझिस्टरांना फार पैसे पडत नाहीत आणि दहा मिनिटांच्या मोजणीत महागड्या भागांइतका गुण पदरात पडतो.

रेकॉर्डची गोष्ट जरा वेगळी, आणि जास्त रंजक. एलपी कापताना खर्ज स्वर मुद्दाम दाबलेले आणि तार स्वर चढवलेले असतात. तसे न केल्यास खर्जाने खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि तार स्वर घासणीच्या खरखरीत बुडतील. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल चढ आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तितकाच उतार द्यायचा असतो. हा वक्र ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालांकांनी ठरतो. फीडबॅकच्या मार्गात दोन जोड्या मालिकेत ठेवून तो एकाच ऑपअॅम्पवर साधता येतो: पहिली जोडी ८८.३ किलोओहम आणि ३६ नॅनोफॅरड समांतर, दुसरी ७.५ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड समांतर. दुकानात ८८.३ मिळत नाही, ८२ आणि ६.२ जोडून ते होते. ३६ साठी ३३ आणि ३.३ समांतर लावावेत. जमिनीकडे १०० ओहम आणि २२० मायक्रोफॅरड. एक किलोहर्ट्झला वाढ जवळजवळ ९७ पट येते, म्हणजे पाच मिलिव्होल्टचे अर्धा व्होल्ट होतात. काट्रिजला समोर ४७ किलोओहमचा भार दिसला पाहिजे. टर्नटेबलची शिल्डेड तार विनाकारण लांब ठेवू नये. दर मीटरला शंभरएक पिकोफॅरड भरतात आणि वरच्या स्वरांचा तोल बदलतो.

माळ्यावरच्या पेटीतून निघणारे बालगंधर्वांचे नाट्यपद मात्र बहुधा ७८ गतीच्या लाखेच्या तबकडीवर असते, आणि ती आरआयएएच्या कितीतरी आधीची असते. तिला एलपीची सुई लावू नये. ७८ ची खाच रुंद असल्याने सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीची जेमतेम १८ मायक्रॉनची असते आणि खाचेच्या तळाशी घासत राहते. वक्रही वेगळा. ग्रामोफोन कंपनीच्या विद्युत-ध्वनिमुद्रित तबकड्यांत खर्जाचा दाब बहुधा २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली सुरू होतो आणि तार स्वरांचा चढ नसतो. आरआयएएमधून अशी तबकडी वाजवली की आवाज कोंदट येतो आणि दोष तबकडीच्या माथी जातो. वरच्याच सर्किटमध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढून ७.५ च्या जागी २२ किलोओहम लावले की वळणबिंदू २५० हर्ट्झला येतो. वाढ दुपटीहून अधिक होते, म्हणून १०० ओहमचे २२० करावेत. एका छोट्या स्विचवर हे तिन्ही बदल घेता येतात. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहक मंडळींच्या कामामुळे अशा तबकड्यांचे मोल आता कळू लागले आहे. त्या नीट ऐकायच्या तर हा स्विच हवा. १९२० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या, भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांना तर कोणताच ठरलेला वक्र नाही. तिथे टोन कंट्रोल आणि कान.

टोन कंट्रोलसाठी पीटर बॅक्झंडॉल यांचे १९५२ सालचे सर्किट आजही सर्वत्र चालते. दोन्ही पॉट मध्यावर असताना ते स्वरांना हात लावत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याला लिनिअर पॉट लागतात आणि व्हॉल्यूमला लॉग. दुकानात हे दोन नेहमी मिसळलेले असतात. आशियाई बनावटीच्या पॉटवर बहुधा ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. व्हॉल्यूमला चुकून लिनिअर लागला तर पहिल्या पाव फेरीतच जवळजवळ सगळा आवाज चढून जातो. पॉट बदलायचा नसेल तर १०० किलोओहमच्या लिनिअर पॉटच्या मधल्या पायापासून जमिनीला १२ किलोओहम लावावेत, चाल बरीचशी लॉगसारखी होते.

जुळणीला झीरो पीसीबी चांगला. चिप थेट न लावता सॉकेटमध्ये बसवावी. प्रत्येक चिपच्या दोन पुरवठा पायांलगत १०४ छाप, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. तो नसेल तर एनई५५३२ कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर थरथरते, चिप तापते आणि आवाज किरकिरा होतो. संकेताच्या मार्गात पॉलिएस्टरचे बॉक्स कपॅसिटर वापरावेत, साधे सिरॅमिक नकोत. सोल्डर राळेचा गाभा असलेल्या तारेचे घ्यावे. डबीतली आम्लयुक्त पेस्ट लावलेला बोर्ड पहिल्या पावसाळ्यातच हिरवा पडतो. काम झाल्यावर स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने राळ साफ करावी, बोर्ड उन्हात नीट वाळवावा आणि खालच्या बाजूला पारदर्शक लॅकरचा हात फिरवावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या, समुद्रालगतच्या तालुक्यात हे काम ऐच्छिक समजू नये. बाणकोट-वेळासकडे हवेत मीठही असते, आणि राळेच्या थरावर ओल-मीठ बसले की दोन टाक्यांमध्ये न दिसणारा रेझिस्टर तयार होतो. उच्च रोधाच्या जागी तो खरखर करतो, आणि उन्हाळ्यात आपोआप गायब होतो.

पेटी लोखंडी पत्र्याची असावी, ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि पहिली पायरी दुसऱ्या टोकाला. सगळ्या जमिनीच्या तारा एका बिंदूवर आणाव्यात, आणि तो बिंदू मुख्य कपॅसिटरांच्या मधल्या सांध्यापाशी ठेवावा. आरसीए सॉकेट पत्र्यापासून प्लास्टिक वायसरने वेगळे करावेत. पेटीचा पत्रा थेट तिसऱ्या पिनेच्या अर्थला, आणि संकेताची जमीन त्या पत्र्याला १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड यांच्या समांतर जोडीतून. म्हणजे दोन यंत्रांमध्ये अर्थचे वेटोळे झाले तरी त्यातून वाहणारा प्रवाह आवळला जातो.

पण तिसऱ्या पिनेत अर्थ आहे का, हा मंडणगडात खरा प्रश्न असतो. तालुक्याचे सडे जांभ्या दगडाचे. जांभा पाणी पटकन खाली सोडतो आणि दिवाळीनंतर सुकत जातो. एप्रिलमध्ये त्यात ठोकलेल्या सळईचा रोध पावसाळ्याच्या कितीतरी पट होतो. मीठ-कोळसा भरून केलेल्या अर्थिंगलाही उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिनच काढून टाकण्याची जी युक्ती मांडवामांडवात चालते ती जिवावर बेतणारी आहे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या गायकाच्या हातात धातूचा माइक असतो.

पहिल्यांदा वीज देताना सॉकेटमध्ये चिप नको आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारेत २५ किंवा ४० वॅटचा सिरीज दिवा असावा. दिवा क्षणभर चमकून विझला तर ठीक. पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग सॉकेटच्या आठव्या पायाला अधिक १२ आणि चौथ्याला उणे १२ दिसले की वीज बंद करून चिप बसवावी. निर्गमावर डीसी काही मिलिव्होल्टच असावा. व्होल्टमध्ये दिसला तर पॉवर अॅम्प जोडण्यापूर्वी कारण शोधावे, नाहीतर पुढे वूफर जातो.

उरलेल्या गुणगुणीचा माग काढण्याची रीत ठरलेली आहे. आधी इनपुट शॉर्ट करावे. गुणगुण थांबली तर ती बाहेरून, तारेतून किंवा माइकमधून येते. थांबली नाही तर पेटीतच आहे. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अॅपसमोर स्पीकर ठेवला की पुढचा निवाडा होतो: शिखर १०० हर्ट्झला असेल तर पुरवठ्याची लहर, ५० ला असेल तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकक्षेत्र किंवा अर्थचे वेटोळे. चुंबकक्षेत्राचा संशय असल्यास ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडून तो हळूहळू फिरवावा (वीज चालू असते, हात फक्त प्लास्टिकच्या वेष्टनाला). एका कोनात गुणगुण चटकन पडते, तिथेच तो आवळावा. गुणगुणीऐवजी कर्कश भुरभुर येत असेल तर पंख्याचा रेग्युलेटर किंवा स्वस्त एलईडी दिवा बंद करून पाहावा. इनपुटला १०० ओहम आणि १०० पिकोफॅरडची छोटी गाळणी लावल्याने असा उपद्रव बराच कमी होतो.

हे जमले की मग चिपा बदलून पाहण्याचा खेळ सुरू होतो. त्यात फसगत फार. माइक आणि रेकॉर्डच्या पायरीत टीएल०७२ काढून एनई५५३२ लावल्याचा फायदा खरा आहे. पण १०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटनंतरच्या पायरीत तीच अदलाबदल तोट्याची ठरू शकते. एनई५५३२ च्या पायातून शेकडो नॅनोअँपिअर प्रवाह वाहतो, पॉटवर त्याचे काही मिलिव्होल्ट होतात आणि बटण फिरवताना खरखर ऐकू येते. तिथे टीएल०७२ ठेवावी, किंवा पॉट १० किलोओहमचा करावा. लाइन-पातळीवरच्या पायऱ्यांत दहापट किमतीची चिप घालून काही ऐकू आले असे कोणी म्हटले, तर त्याला दोन्ही चिपा न सांगता ऐकवाव्यात.

पावसाळ्यात प्रीअॅम्प माळ्यावर ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवलेला बरा. आतली ऊब ओल धरू देत नाही. तो गुंडाळून ठेवायचाच असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावा आणि पुड्या अधूनमधून तव्यावर गरम करून परत वापराव्यात. पेटीच्या वाऱ्याच्या भोकांना बारीक जाळी हवी, कारण उबेला पाल येते आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर शॉर्ट होऊन फ्यूज नेते. कुरकुरणारे पॉट आणि काळवंडलेले जॅक गणपतीच्या आठवडाभर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की स्विच बंद करणे पुरत नाही. प्लग आणि लांब माइकतारा दोन्ही काढून ठेवाव्या लागतात. वीस मीटर तार पेटीपर्यंत वीज आणण्यास पुरेशी असते.